हसणारी काशी : रात्रीचे प्रहसन आणि त्याचा श्रोता

साहित्याच्या इतिहासात उपहासकाराला मानाचे पान मिळते. त्याला हसणारा माणूस मात्र इतिहासाबाहेरच राहतो. नाटकाची संहिता उरते, कवीचे संग्रह ग्रंथालयात जातात, खटला झाला तर निकालपत्रही जपले जाते. परंतु त्या रात्री मांडवात बसलेल्या माणसाने कोणत्या ओळीला दाद दिली, कोणत्या ओळीवर तो अस्वस्थ झाला आणि घरी परतताना त्याचे मत काय झाले होते, ह्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. राजकीय उपहासाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण ह्या वाङ्मयप्रकाराची अर्धी घडण श्रोत्याकडूनच होत असते. दूरचित्रवाणीवर रात्री उशिरा सादर होणारे राजकीय विडंबन आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात रुजले, त्याचे चाहते निर्माण झाले, त्या चाहत्यांत वाद झडू लागले, आणि हे सारे अगदी नवे घडते आहे असा समज पसरला. काशीसारख्या शहराच्या रात्रींकडे पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही.

रात्रींकडे, असे मी जाणून म्हणतो. काशीचे विणकर, तांबट, लाकडी खेळणी करणारे कारागीर ह्यांच्या जीवनाचा अभ्यास नीता कुमार ह्यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला आहे. कामाच्या तासांवर स्वतःचा ताबा असणे आणि मौजेला कामाइतकेच महत्त्व देणे, हा ह्या वर्गाच्या आत्मप्रतिष्ठेचा भाग होता, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते. दिवस मालकाचा, दलालाचा किंवा यजमानाचा असेल. रात्र मात्र आपली. होळीनंतरच्या 'बुढवा मंगल'च्या नौकांवरील मैफली, रामलीला, कजरीचे दंगल आणि पुढे कविसंमेलने ही सर्व रात्रीचीच. राजाला हसण्यासाठी राजाचा दिवस संपावा लागतो, ही गोष्ट आपल्या तमाशाच्या रसिकालाही परिचित आहे.

आधुनिक हिंदी रंगभूमीचा प्रारंभ काशीतच झाला असे मानतात. ३ एप्रिल १८६८ रोजी तेथे 'जानकीमंगल' नाटकाचा प्रयोग झाला आणि त्यात सतरा वर्षांच्या हरिश्चंद्रांनी लक्ष्मणाची भूमिका केली. भारतेन्दु ह्या उपाधीने पुढे ओळखल्या गेलेल्या ह्या धनिकपुत्राला आयुष्य मिळाले अवघे चौतीस वर्षांचे (१८५०-१८८५). पण त्याने काशीच्या हसण्याला जे वळण लावले ते आजही मोडलेले नाही. १८८१ साली दशाश्वमेध भागातील नॅशनल थिएटर ह्या हौशी मंडळीसाठी त्यांनी 'अंधेर नगरी' हे सहा अंकांचे प्रहसन लिहिले. ते एका दिवसात लिहून झाले, अशी परंपरा आहे. बिहारमधल्या एका जमीनदाराला उद्देशून ते लिहिले गेले असेही सांगितले जाते. परंतु प्रेक्षकाने ते तेवढ्यापुरते कधीच घेतले नाही.

काळ कोणता होता हे ध्यानात घ्यावयास हवे. युवराजांच्या भेटीवरून कलकत्त्याच्या रंगभूमीवर जे प्रहसन झाले त्याच्या निमित्ताने १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला. १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा आला, तो १८८२ पर्यंत अमलात होता. म्हणजे 'अंधेर नगरी' लिहिली गेली तेव्हा हे दोन्ही कायदे जिवंत होते. स्वतः हरिश्चंद्रांच्या 'कविवचनसुधा' ह्या पत्राला सरकारी रोषाचा अनुभव आलेला होता. अशा वेळी लोककथेचा आडोसा घेणे हे चातुर्य तर खरेच. पण त्याहून महत्त्वाचे असे की कथा प्रेक्षकाला आधीच ठाऊक होती. भिंत पडून बकरी मरते. वाणी, गवंडी, चुनेवाला, भिश्ती, खाटीक, मेंढपाळ अशी दोषाची उतरंड कोतवालापर्यंत येते. फास त्याच्या गळ्याला मोठा पडतो म्हणून लठ्ठ मानेचा कोणीतरी शोधला जातो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा हा कारभार. कथा माहीत असलेला प्रेक्षक पुढे काय होईल ह्याची वाट पाहत नाही. ह्या वेळी कोणाचे नाव कोठे बसते, एवढेच तो पाहतो. म्हणजे उपहासाचा अर्धा भाग प्रेक्षकच मनात रचीत असतो आणि त्या अर्ध्या भागावर कोणत्याही कायद्याला खटला भरता येत नाही.

बाजाराच्या दृश्यातील चूर्णवाला ह्या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्याचे पाचक कोण कोण खातो ह्याची यादी तो ओरडून सांगतो. त्यात लाच पचवणारे अंमलदार आहेत, ठेवी पचवणारे सावकार आहेत, कायदा पचवणारे पोलीस आहेत आणि सारा देश पचवणारे साहेबही आहेत. पण ह्याच यादीत नाटकवाल्यांचेही नाव आहे, हे अनेक समीक्षकांच्या नजरेतून सुटते. समोर बसलेल्यांत सावकार असणार, कचेरीतले कारकून असणार. ज्याच्या नावावर हशा पिकला तो शेजारीच बसलेला असण्याचा संभव होता. आणि सर्वांत मोठा हशा ज्याच्यावर आहे तो गोबरधनदास तरी कोण? गुरूने बजावूनही, येथे मिठाई स्वस्त आहे म्हणून राहिलेला शिष्य. माझ्या मते ह्या प्रहसनाचे खरे लक्ष्य चौपट राजा नव्हे. राज्य अंधाधुंद आहे हे दिसत असूनही टक्याला शेर भावाने सुखावणारा हा सामान्य माणूस, हेच ते लक्ष्य. राजाला हसणे त्या मानाने सोपे होते.

मराठी वाचकाने भारतेन्दुंकडे आणखी एका कारणासाठी वळले पाहिजे. १८८० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'भारत दुर्दशा' नाटकाच्या पाचव्या अंकात देशाला वाचवण्यासाठी एक सभा भरते. तीत बंगाली आहे, संपादक आहे, कवी आहे आणि एक 'महाराष्ट्री'ही आहे. सार्वजनिक सभा स्थापन करा, कापड विणण्याची यंत्रे आणा, देशी कापड वापरा, असे उपाय हा महाराष्ट्रीय सुचवतो. १८७० साली पुण्यात निघालेल्या सार्वजनिक सभेचा लौकिक काशीपर्यंत कसा पोहोचला होता, त्याचा हा रंगभूमीवरचा पुरावा. हाकिमांचे मन आधी गुप्तपणे जाणून घ्यावे असा सावध सल्लाही तोच देतो. शेवटी 'डिसलॉयल्टी' हे पात्र येते आणि सगळ्यांना धरून नेते. सभा, ठराव आणि अटक हा क्रम राष्ट्रीय सभेच्या जन्माआधीच येथे प्रहसनात येऊन गेला आहे.

ह्याहूनही रंजक आहे ती १८७५ च्या सुमाराची 'प्रेमजोगिनी' ही अपूर्ण नाटिका. तिच्या चौथ्या दृश्यात काशीतल्या महाराष्ट्रीय ब्राह्मणांची बैठक आहे. पात्रांची नावेच बोलकी : बुभुक्षित दीक्षित, गप्प पंडित, चंबूभट्ट. ही मंडळी रंगमंचावर मराठी बोलतात. हिंदी नाट्यवाङ्मयाच्या आरंभकाळातच एका अग्रवाल वैष्णवाने आपल्या शेजाऱ्यांची भाषा त्यांच्याच लकबीसह लिहून काढली, ही गोष्ट आपल्या भाषेच्या इतिहासातही नोंदवण्याजोगी आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा ह्या परिसरात पेशवाईच्या काळापासून वसलेली वैदिकांची, शास्त्र्यांची आणि आश्रितांची वस्ती. अहल्याबाईंनी उभारलेल्या विश्वनाथ मंदिरामुळे आणि मराठा सरदारांच्या घाटांमुळे तिला लाभलेले वजन. आणि त्या वजनामागची जेवणावळींची निमंत्रणे, विडे, भांग व दक्षिणेचा व्यवहार, हे सारे त्या दृश्यात आहे. हा उपहास बाहेरून केलेला नाही. ज्या गल्लीत लेखक राहतो तिच्यातलाच तो आहे आणि काशीच्या देवळांतील व गोसाव्यांच्या मंडळींतील दंभाला त्याच नाटिकेत तेवढेच फटके बसले आहेत.

येथे 'घाशीराम कोतवाल'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात तेंडुलकरांचे हे नाटक रंगमंचावर आले, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले आणि पुढे थिएटर अकॅडमीने ते पुन्हा उभे केले. घाशीराम उत्तरेकडचा, कनोजचा ब्राह्मण. हसू मात्र पुण्याच्या ब्राह्मणांवर. तो प्रश्न पुणेकरांनी प्रतिष्ठेचा केला. काशीच्या महाराष्ट्रीयांनी मात्र भारतेन्दुंच्या त्या दृश्यामुळे हिंदीशी फारकत घेतली नाही. उलट पुढच्याच पिढीत काशीतल्या मराठी घरांतून हिंदी पत्रकारितेचे दोन आधारस्तंभ निघाले. बाबूराव विष्णु पराडकर (१८८३-१९५५) हे त्यांतले एक. शिवप्रसाद गुप्तांनी १९२० साली काढलेल्या 'आज' दैनिकाचे ते संपादक झाले आणि १९३० च्या सत्याग्रहात छापखान्यांवर बंधने आली तेव्हा 'रणभेरी' ह्या गुप्त पत्राच्या कामात ते होते. दुसरे लक्ष्मण नारायण गर्दे. ज्यांच्या वडीलधाऱ्यांच्या भाषेला रंगमंचावर हसले गेले, त्यांच्याच मुलांनी त्या शहराच्या हिंदीला शिस्त लावली.

वृत्तपत्रांच्या ह्याच काळात काशीत विनोदी लेखकांची एक फळीच उभी राहिली. अन्नपूर्णानंद वर्मा हे संपूर्णानंदांचे बंधू. थोरल्या भावाकडे पुढे उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्रिपद आले आणि धाकट्याच्या वाट्याला विनोद आला, ही वाटणी काशीलाच शोभते. कृष्णदेवप्रसाद गौड तर शाळा-महाविद्यालयात मुख्याध्यापकी करणारे गंभीर गृहस्थ. पण 'बेढब बनारसी' ह्या नावाने त्यांनी लिहिलेली एका गोऱ्या लेफ्टनंटची दैनंदिनी साहेबाच्या डोळ्यांनी हिंदुस्थान पाहता पाहता साहेबालाच उघडे पाडते. ह्यांच्या वाङ्मयाचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा. प्रस्तुत विषयापुरते एवढेच, की 'बनारसी' हे उपनाव धारण करणाऱ्या विनोदकारांची परंपरा येथून बळावली आणि ती छापील पानावरून व्यासपीठावर गेली.

ह्या व्यासपीठांपैकी दोन विशेष आहेत. पहिले अस्सीचे होळीचे कविसंमेलन. चकाचक बनारसींसारखे कवी तेथले नायक होते. होळीच्या संध्याकाळी सुरू होणाऱ्या ह्या संमेलनात पंतप्रधानांपासून नगरसेवकापर्यंत कोणीही सुटत नसे, आणि त्यासाठी वापरली जाणारी भाषा कोणत्याही संग्रहात छापता येणार नाही अशी असे. होळीच्या दिवसांत तशाच मजकुराची, तशाच चित्रांची पत्रके शहरात फिरत. त्यांवर लॉरेन्स कोहेन ह्या मानववंशशास्त्रज्ञाने १९९५ साली एक निबंध लिहिला आहे. दुसरे व्यासपीठ महामूर्ख मेळ्याचे. पन्नासाहून अधिक वर्षे दर १ एप्रिलला दशाश्वमेधाजवळच्या राजेंद्रप्रसाद घाटावर तो भरतो. गाढवाच्या ओरडण्याने मंगलाचरण होते. पुरुष वधू होतो, स्त्री वर होते, उलटेसुलटे मंत्र म्हणून लग्न लागते आणि तेथल्या तेथे मोडतेही. मग पायऱ्यांवर बसलेल्या श्रोत्यांपुढे रात्री उशिरापर्यंत कविता चालतात.

अशा रात्रींना बसलेल्या मंडळींशी बोलले तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांना आवडता कवी असतो, पण ते त्याचे भक्त नसतात. गेल्या वर्षीची कोटी यंदा आली तर ती ओळखली जाते आणि कवीला बसवले जाते. सत्तेवरचा पक्ष बदलला आणि कवीच्या कवितेतले नाव बदलले नाही, तर त्याचा अर्थ लावला जातो. कोणाकडून मानधन घेतले, कोणत्या मंत्र्याच्या हस्ते सत्कार झाला, ह्याचा हिशेब पानाच्या ठेल्यावर चोख ठेवलेला असतो. आपल्याकडे वगाच्या सोंगाड्याला हीच परीक्षा द्यावी लागे. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आले आणि दादा कोंडक्यांनी त्यात प्रयोगागणिक ताज्या राजकारणाची भर घातली. तेच नाटक पुन्हा पाहायला जाणारा प्रेक्षक ह्या वेळी दादा काय बोलतात ते ऐकायला जात असे. संहिता पाठ असलेला प्रेक्षक हा उपहासकाराचा सर्वांत कठोर परीक्षक, ही गोष्ट 'अंधेर नगरी'पासून खरी आहे.

मात्र ह्या परंपरेचे गोडवे गाताना तिच्यातले व्यंग झाकता येणार नाही. अस्सीच्या त्या संमेलनात स्त्रियांना जागा नव्हती. शहराच्या अर्ध्या माणसांना जो उपहास ऐकताच येत नाही, त्याला लोकांचा उपहास म्हणावे का? शिवाय सत्तेवरचा प्रहार स्त्रीदेहाच्या भाषेतच होत असल्याने नेता नामोहरम होण्यापूर्वी त्याची आई-बहीणच पणाला लागे. होळीला सर्व क्षम्य असते हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. महामूर्ख मेळ्यात स्त्री वर होऊन मिरवते ह्यात थोडे परिमार्जन आहे खरे; पण विनोदाची भिस्त तेथेही पुष्कळदा बायकोवरच्या कवितांवर असते आणि अशा कविता राजकीय कवितांपेक्षा अधिक हमखास हशा मिळवतात. दूरचित्रवाणीने व्यासपीठावरून नेमके हेच उचलले.

दूरदर्शनवर १९८८ साली मनोहर श्याम जोशींच्या लेखनावर आधारलेली 'कक्काजी कहिन' आली. खादीधारी मध्यस्थाचे ते चित्र ओम पुरींनी साकारले. पाठोपाठ १९८९ साली जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' आला. हे दोन्ही सरकारी माध्यमातून झाले आणि तरीही झाले, ह्याचे प्रेक्षकाला अप्रूप होते. १९९७ साली सोनी वाहिनीवर शेखर सुमन ह्यांचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' सुरू झाला. अमेरिकेतल्या रात्रीच्या कार्यक्रमांचा साचा, वाद्यवृंद, खुर्ची, पाहुणा आणि आरंभी त्या दिवसाच्या राजकारणावरचे एकपात्री भाषण. वाजपेयींचे दीर्घ मौन आणि लालूप्रसादांची बोली घराघरांत नकलेतून पोहोचली. अस्थिर आघाड्यांच्या त्या काळात ह्या कार्यक्रमाला चाहते मिळाले ह्यात नवल नाही. वाद उठला तो त्याच्या स्वरूपावरून. हा उपहास आहे की केवळ नक्कल? नेत्याचा आवाज हुबेहूब काढला म्हणजे त्याच्या धोरणावर बोलून झाले का? एका पक्षाचे म्हणणे असे की सामान्य माणसाच्या मनातली भीती मोडायला नक्कलही पुरते. दुसऱ्याचे असे की नकलेमुळे नेता लाडका होतो. दोन्हींत तथ्य आहे. वाजपेयींवरच्या नकलांनी त्यांचे काही बिघडल्याचे दिसत नाही. त्या मौनाचे लोकांना कौतुकच वाटू लागले.

काशीच्या श्रोत्याच्या दृष्टीने फरक आणखी एक होता. घाटावर तो कवीला थांबवू शके; पडद्यावरच्या विनोदाला हसायचे केव्हा हेदेखील वाद्यवृंद सांगे. त्याची भरपाई तो दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या दुकानात करी. काशीनाथ सिंह ह्यांच्या २००२ साली ग्रंथरूपाने आलेल्या 'काशी का अस्सी' ह्या कृतीत हीच सकाळ आणि हीच संध्याकाळ आहे. पप्पूच्या चहाच्या दुकानातले खरे लोक, बरेचसे खऱ्या नावांनिशी, मंडल आणि मंदिर ह्यांच्या दशकावर बोलताहेत. सिंह हे काशी हिंदू विश्वविद्यालयात हिंदीचे प्राध्यापक होते. त्यांनी उपहासाच्या श्रोत्यालाच नायक केले, हे ह्या कृतीचे मोठेपण. बाजार, परदेशी पर्यटक आणि दूरचित्रवाणी आल्यावर हे बोलणारे मोहल्ले गप्प होतील, हसणेच हरवेल, ही तिच्यातली भीती आहे. उषा गांगुलींनी तिच्यातून 'काशीनामा' हे नाटक केले. चंद्रप्रकाश द्विवेदींचा 'मोहल्ला अस्सी' हा चित्रपट मात्र २०१५ साली त्याची झलक बाहेर येताच शिव्यांवरून आणि धर्मभावनांवरून न्यायालयात अडकला. प्रमाणपत्र नाकारले गेले, डिसेंबर २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मार्ग मोकळा केला आणि १६ नोव्हेंबर २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला. जी भाषा अस्सीच्या चौकात ध्वनिक्षेपकावरून ऐकवली गेली, तीच पडद्यावर येताच देशाचा प्रश्न झाली. चौकात श्रोते ओळखीचे होते. पडद्यासमोर कोण बसले आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

२०१४ पासून हे शहर पंतप्रधानांचा मतदारसंघ आहे. त्या निवडणुकीत वाहिन्यांचे कॅमेरे अस्सीवर आले आणि चहाच्या दुकानातली चर्चा थेट प्रक्षेपणाचा कार्यक्रम झाली. कॅमेऱ्यासमोर बोलणारा अस्सीकर आणि कॅमेरा नसताना बोलणारा अस्सीकर एकच असेल, असे मानण्याचे कारण नाही. ४ मार्च २०२२ रोजी विधानसभेच्या प्रचारफेरीनंतर पंतप्रधान स्वतः पप्पूच्या दुकानात चहा घेऊन गेले. ज्या बाकांवर पिढ्यान्‌पिढ्या सत्ताधाऱ्यांची टिंगल झाली त्यांच्यावर सत्ताधारी येऊन बसणे, ह्याला काहींनी बाकांचा सन्मान मानले, काहींनी बाकांची अडचण.

श्याम रंगीला ह्या राजस्थानी नकलाकाराची कथा ह्याच मतदारसंघात येऊन पोहोचली. २०१७ साली एका वाहिनीवरच्या विनोदाच्या स्पर्धेत त्याने पंतप्रधानांची नक्कल केली. ती प्रक्षेपित झाली नाही, पण तिची चित्रफीत बाहेर आली आणि जो कार्यक्रम एका रात्री संपला असता तो कित्येक महिने पाहिला गेला. आरंभी आपण त्या नेत्याचेच चाहते होतो, असे हा नकलाकार सांगत आला आहे, आणि त्याच्या नकलेला हसणाऱ्यांतही नेत्याचे चाहते होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तो वाराणसीतून अपक्ष उमेदवारी भरायला आला. शेवटच्या दिवशी, १४ मे रोजी, त्याने अर्ज दाखल केला. दुसऱ्या दिवशी छाननीत, विहित शपथ घेतलेली नाही ह्या कारणाने, तो फेटाळला गेला. कचेरीत आपल्याला शपथ घेऊ दिली नाही, अशी त्याची तक्रार होती. वाद्यवृंद नसलेल्या ह्या प्रवेशावर हसावे की नाही, ह्याबद्दल चाहत्यांत एकमत झाले नाही.